दारफाळणीपासून शिळ्या सणापर्यंत



सप्टेंबर उजाडला की आपल्या या देशात जिथे जाल तिथे एकच उत्तर ऐकू येतं. नळ गळतोय म्हणून प्लंबरला फोन करा, बँकेत कर्जाचं विचारा, दाताच्या डॉक्टरकडे वेळ मागा. समोरचा माणूस म्हणणार, ‘अहारे हा-हागीम’. सणांनंतर बघू. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. तिकडेही ‘गणपती होऊन जाऊ द्या’ म्हणतात, मग ‘दसऱ्यानंतर’, मग ‘दिवाळी झाली की नक्की’. पावसाळा सरला, उन्हाळा सरला, की माणूस कामाला लागण्याऐवजी सणाला का लागतो, हा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच आहे.

आज बोलायचं आहे ते याच तिश्री महिन्यातल्या सणांबद्दल. रोश हशाना, योम किपूर, सुकोत ही नावं इथे शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. पण याच सणांना आपल्या आज्या-पणज्या काय म्हणत होत्या? आमच्या दिमोनाच्या घरात माझी आजी योम किपूर हा शब्द फक्त बाहेरच्या माणसाशी बोलताना वापरायची. घरात ती म्हणायची, ‘उद्या दारफाळणी आहे, पांढरे कपडे काढून ठेवा.’ आम्हा पोरांना वाटायचं, हा आजीचा खास शब्द आहे. तो सगळ्या अलिबाग, रेवदंडा, पनवेलच्या बाजूचा शब्द आहे आणि पुस्तकात छापून आलेला आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. गेल्या वर्षी मी हा शब्द माझ्या नातवंडांसमोर उच्चारला, तर धाकटीने विचारलं, ‘सावता, हा कुठला सण? आपल्याकडे असतो का?’ त्या प्रश्नावरून आजचा हा कार्यक्रम सुचला.

आपल्या श्रोत्यांत आता पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी, शिकायला आलेली मंडळीही आहेत, म्हणून थोडी मागची ओळख करून देते. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. परंपरा अशी सांगते, की चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांची पुस्तकं, पोथ्या सगळं समुद्रात गेलं. मग ते कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांमध्ये पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली : नवगावकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. जहाज कधी फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि आज तो वाद उकरायचा नाही. आपल्या कामाचं एवढंच, की पुस्तक हाताशी नसताना हे लोक शतकानुशतकं सण पाळत राहिले. मग ते सण त्यांनी लक्षात ठेवले तरी कशाच्या आधाराने?

त्याचं उत्तर मला सणांच्या नावांत सापडतं.

ही नावं आपल्यापर्यंत पोचवली ती मुख्यतः हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी. १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून काढला, पण तो छापून निघाला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि तोही तेल अवीवमध्ये. कोकणातल्या तेल्यांचा इतिहास तेल अवीवला छापला गेला, तेव्हा तिथे तो वाचणारे मराठी लोक जवळजवळ नव्हतेच. असो.

केहीमकरांच्या वेळी जुन्या माणसांच्या तोंडी जी नावं होती ती अशी. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यानंतर काही दिवसांनी ‘खिरीचा सण’. मग योम किपूर, ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. वसंतातल्या पुरीमला म्हणत ‘होळीचा सण’, कारण तो शिमग्याच्या आसपास येतो. पेसाहला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवायचा सण. आणि आव महिन्यातल्या नवमीला, मंदिर पडल्याच्या दुखवट्याच्या दिवशी, बिरडं खात म्हणून ‘बिरड्याचा सण’.

पाहा, या सगळ्यात हिब्रू शब्द एकही नाही. देवाचं नाव नाही, राजाचं नाही, युद्धाचं नाही. दार आहे, खीर आहे, मडकं आहे, वालाचं बिरडं आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्या बहुधा बायका असाव्यात असं मला नेहमी वाटतं. पुरुषांनी ठेवली असती तर त्यात कुणातरी पूर्वजाचा पराक्रम नक्की घुसला असता.

आता एकेक सण घेऊ, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. दारफाळणीला सगळ्यात जास्त देणार आहे.

नव्याचा सण तिश्रीच्या पहिल्या दिवशी. इथे एक गंमत आहे. तोरामध्ये, वायिक्रा म्हणजे लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात, या दिवसाला ‘नवं वर्ष’ म्हटलेलंच नाही. तिथे तो सातव्या महिन्याचा पहिला दिवस आहे, शिंग फुंकून आठवण करायचा आणि काम न करायचा. महिने मोजायचे ते वसंतापासून, मिसरातून सुटका झाली त्या महिन्यापासून. मग सातव्या महिन्यात नवं वर्ष कुठून आलं? ‘तिश्री’ हा शब्दच बाबेलचा आहे, तिथल्या भाषेत त्याचा अर्थ ‘आरंभ’. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हा महिन्यांची नावं तिकडची घेऊन आले, आणि रोश हशाना हे सणाचं नाव पुढे मिश्नाच्या काळात रूढ झालं. शेतकऱ्याचं वर्ष तसंही पीक घरात आल्यावरच बदलतं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मराठी घरात गुढीपाडवाही नवं वर्ष आणि व्यापाऱ्याच्या वहीला दिवाळीचा पाडवाही नवं वर्ष. दोन पाडवे सुखाने नांदतात.

इथे आपण रोश हशाना दोन दिवस पाळतो. जुने बेने इस्राएल एकच दिवस पाळत. दोन दिवसांची रीत पडली ती चंद्रदर्शनाच्या साक्षीत घोटाळा व्हायचा म्हणून. साक्षीदार उशिरा आले तर दिवस हुकू नये, यासाठी. कोकणात साक्षीदारही नव्हते आणि त्यांची साक्ष ऐकणारं न्यायमंडळही नव्हतं. अमावास्या सगळ्या गावाला कळायचीच.

आणि हे अमावास्येचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. हिब्रू महिना चंद्राचा, वर्ष सूर्याशी जुळवलेलं. मराठी महिनाही तसाच. हिब्रू पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात, आपल्याकडच्या अधिक मासाचा हिशोबही जवळपास तेवढाच पडतो. म्हणून तिश्री आणि आश्विन बहुतेक वर्षी जोडीने चालतात. २०२५ साली २२ सप्टेंबरला तिकडे घट बसले आणि त्याच संध्याकाळी इथे रोश हशाना लागला. २ ऑक्टोबरला दसरा, तोच दिवस योम किपूर. ६ ऑक्टोबरला कोजागिरी, त्याच संध्याकाळी सुकोत सुरू. २०२४ सालीही दसरा आणि योम किपूर एकाच दिवशी होते, १२ ऑक्टोबरला. कधी कधी ही जोडी तुटते. २०२३ साली तिकडे अधिक श्रावण आला, त्यामुळे रोश हशाना १६ सप्टेंबरला आणि गणपती १९ ला, असे शेजारी शेजारी आले. २०२६ मध्येही रोश हशाना १२ सप्टेंबरला आणि गणेश चतुर्थी १४ ला. पण बहुतेक वर्षी तुमच्या स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर आणि सिनेगॉगमधलं कॅलेंडर एकाच चंद्राकडे बघत असतं.

म्हणजे पोथी नसलेल्या माणसाला कोकणात दिवस मोजणं तितकं अशक्य नव्हतं. शेजारच्या घरी घट बसला की आपला नव्याचा सण, तिथून दहा दिवस मोजले की दारफाळणी. जुनी माणसं नेमकं असंच मोजत होती असं मी म्हणणार नाही, पण हा आधार त्यांना रोज डोळ्यांसमोर होता. शेजाऱ्याचा देव वेगळा, चंद्र मात्र सामाईक.

खिरीच्या सणाचं वर्णन वाचलं की तोंडाला पाणी सुटतं. नव्या धान्याची खीर, नारळाच्या दुधात, गोड घालून. ती मांडून ठेवायची, ऊद जाळायचा, ‘शेमा’ म्हणायचा आणि मग सगळ्यांनी खायची. शेमा म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ ही देवाच्या एकपणाची साक्ष. बाकी सगळ्या प्रार्थना विसरल्या तेव्हा ही एक आमच्या लोकांच्या ओठांवर शिल्लक होती. लग्नात शेमा, सुंतेला शेमा, मौतीला शेमा, आणि खिरीच्या भांड्यावरही शेमा. नारळाच्या दुधाचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच : मांसाबरोबर गाईचं दूध चालत नाही, नारळाचं चालतं. कोकणाने या बाबतीत आपल्यावर उपकारच केलेत.

पण खीर का? तोरामध्ये या महिन्यात खिरीचा सण नाही. पंधराव्या दिवसापासून सुकोत आहे, मांडवाचा सण. त्याचं एक जुनं नाव ‘गोळा करण्याचा सण’, म्हणजे द्राक्षं, जैतून, फळं घरात आणण्याचा. शेतात राखणीसाठी खोप बांधायची, तिच्यात राहायचं, वर छप्पर तोडलेल्या फांद्यांचं. पुढे त्या खोपीला वाळवंटातल्या चाळीस वर्षांच्या वणवणीची आठवण जोडली गेली. आता बेने इस्राएलांच्या जुन्या सणांच्या यादीत मांडव नाही, खीर आहे. अनेकांचं म्हणणं असं, की सुकोतची जागाच खिरीच्या सणाने घेतली.

मला हे पटतं, आणि कारण हवामानाचं आहे. या देशात उन्हाळाभर थेंब पडत नाही. सुकोत संपता संपता सिनेगॉगमध्ये पावसाची प्रार्थना होते. म्हणजे हा सण पाऊस सुरू होण्याच्या उंबरठ्यावरचा. कोकणात नेमकं उलटं. तिथे चार महिने कोसळून पाऊस नुकता जातोय, हळवं भात पिवळं झालंय, आणि कापणीला हात लागलाय. तिथे पावसासाठी प्रार्थना केली असती तर शेजाऱ्यांनी हाकलून दिलं असतं! आश्विनातल्या पौर्णिमेला कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात. नव्या तांदळाची खीर करायची, भाताच्या लोंब्या दाराला बांधायच्या. ‘नवं’ म्हटलं की कोकणी माणसाच्या मनात आधी नवा तांदूळ येतो. तेव्हा ‘नव्याचा सण’ या नावातही वर्ष आणि धान्य दोन्ही ऐकू येत असतील, तर त्यात नवल नाही. मूळ सण पीक घरात आल्याचा आहे. जैतूनाच्या जागी तांदूळ आला, एवढाच फरक.

आता दारफाळणी.

वायिक्राच्या सोळाव्या अध्यायात योम किपूरचा मूळ विधी आहे. मुख्य कोहेन त्या दिवशी सोन्याची वस्त्रं उतरवतो, साधी तागाची पांढरी वस्त्रं घालतो. दोन बोकड असतात. एक देवासाठी, दुसऱ्यावर लोकांची पापं बोलून त्याला रानात सोडून द्यायचं. मग कोहेन पडद्याच्या आत, परमपवित्र जागी, एकटा जातो. तो आत असताना त्या मंडपात दुसरं कुणीही असायचं नाही. लोकांनी काय करायचं? जिवाला कष्ट द्यायचे आणि कोणतंही काम करायचं नाही. इसवी सन ७० मध्ये मंदिर पडलं, विधी थांबला. त्याच्या जागी दिवसभराची प्रार्थना आली, आणि उपास तसाच राहिला.

कोकणात मंदिर नव्हतं, कोहेन नव्हता, प्रार्थनेचं पुस्तक नव्हतं. तिथे लोक अंघोळ करून पांढरे कपडे घालत, संध्याकाळ व्हायच्या आत दारं लावून घेत, आणि दुसऱ्या दिवशीची रात्र पडेपर्यंत उपाशी राहत. त्या वेळात परक्या माणसाशी बोलणं नाही, शिवणं नाही. शेजाऱ्यांनाही हे ठाऊक असायचं. पांढरं वस्त्र, उपास, काम बंद आणि आत कुणी परकं नाही. आता ही यादी पुन्हा त्या सोळाव्या अध्यायाशी लावून पाहा. पडद्याच्या आतली ती जागा जणू आपल्या घराच्या चार भिंतींत आली, आणि दार हाच पडदा झाला.

काही अभ्यासू मंडळी या नावाचा वेगळा अर्थ लावतात. योम किपूरच्या शेवटच्या प्रार्थनेला ‘नेइला’ म्हणतात, म्हणजे कुलूप लावणं, दरवाजे बंद होणं. पूर्वी संध्याकाळी मंदिराचे दरवाजे बंद होत त्यावरून ते नाव आलं, आणि पुढे स्वर्गाचे दरवाजे मिटण्याआधीची शेवटची विनवणी असा भाव त्याला आला. मग दारफाळणी म्हणजे नेइलाचं मराठी भाषांतर का? कल्पना सुंदर आहे, ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता. तरी माझं मत घराच्या दाराकडेच झुकतं. नेइला ही सिनेगॉगची प्रार्थना, आणि मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते १७९६ साली, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं ‘शआर हारहामीम’. दारफाळणी हे नाव त्याच्या आधीचं आणि खेड्यातलं दिसतं. बाकीची सगळी नावं स्वयंपाकघरातली असताना हे एकच नाव धर्मशास्त्रातलं असेल, हे मनाला पटत नाही.

पुण्याहून आलेल्या एका तरुणाने मला विचारलं होतं, फाळणी म्हणजे पार्टिशन ना? १९४७ नंतरच्या मराठी कानाला तसंच ऐकू येणार. पण आमच्या घरोघरी दार फाळणं म्हणजे दार लावून घेणं, असाच अर्थ सांगतात.

दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशीही समजूत होती. यावर कुणी रब्बी भुवया उंचावतील. पण पंचांग आठवा. सर्वपित्री अमावास्या होऊन दहा दिवस झालेले असतात. सगळ्या गावाने आपापल्या पितरांना जेवू घातलेलं असतं. आपल्या पितरांची आठवण त्याच पंधरवड्यात निघणं मला माणसासारखं वाटतं.

शिळा सण हे नाव ऐकून नातवंडं हसतात. शिळं म्हणजे कालचं उरलेलं. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं आणि आप्तांकडे भेटायला जायचं. काल दारं बंद, आज सगळी उघडी. मिश्नाच्या ‘योमा’ या भागात आहे, की कोहेन परमपवित्र जागेतून सुखरूप बाहेर आला की तो आपल्या मित्रांना जेवण देई. शिळा सण त्याचीच आठवण आहे असं काही जण मांडतात. याला एक अडचण आहे : कोकणात मिश्ना नव्हती असं आपणच सांगतो, मग तिच्यातली गोष्ट आली कशी? ती मंदिर उभं असतानाच कुणी डोळ्यांनी पाहून आणली असं मानलं तरच हा दुवा टिकतो. मला त्यापेक्षा नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय जवळचा वाटतो.

तो अध्याय प्रत्येक मराठी घराने या महिन्यात एकदा वाचावा. बाबेलहून परतलेले लोक सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेममध्ये चौकात जमतात. एज्रा शास्त्री सकाळपासून दुपारपर्यंत तोरा वाचून दाखवतो, आणि काही लोक तिचा अर्थ समजावून सांगतात. आपण काय काय विसरलो हे ऐकून लोक रडायला लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं : रडू नका, घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाटा पाठवा. दुसऱ्या दिवशी वाचताना त्यांना सापडतं, की या महिन्यात मांडवात राहायचं असतं. मग ते डोंगरावर जाऊन फांद्या आणतात आणि मांडव घालतात. पुस्तक स्पष्ट म्हणतं, यहोशुआच्या काळापासून त्या दिवसापर्यंत हे असं कुणी केलंच नव्हतं.

म्हणजे सुकोत विसरणारे आपण पहिले नाही. यरुशलेमवालेही शेकडो वर्षं विसरले होते, आणि ते तोराच्या देशात राहून विसरले होते.

आपल्याकडे एज्राचं काम कुणी केलं? परंपरेत डेव्हिड रहाबीचं नाव येतं. तो कोकणात आला, त्याने बायकांना मासे शिजवायला दिले आणि त्यांनी फक्त खवले नि पर असलेले मासे वेगळे काढले, तेव्हा त्याला खात्री पटली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याचा काळ कुणी हजार वर्षं मागे नेतं, तर कुणी अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याशी जोडतं. त्याने निवडून शिकवलेली माणसं पुढे समाजाचे काझी झाली. आणि केहीमकर इथे एक छान गोष्ट दाखवतात. ज्या सणांच्या नावात ‘सण’ आहे ते जुने. पण काही दिवसांची नावं ‘नव्याचा रोजा’, ‘रमजान’ अशी आहेत. एलूल महिन्याच्या उपासाला आमचे लोक रमजान म्हणत! रोजा हा फारशी शब्द. म्हणजे हे उपास नंतर, कुणीतरी शिकवल्यावर, मुसलमानी अमलातल्या भाषेत आले. भाषा अशी साक्ष देऊन जाते. पुढे कोचीचे यहुदी शिक्षक आले, हिब्रू शिकवणारे मिशनरी आले, बगदादी व्यापारी आले, मराठी अर्थासकट प्रार्थना छापल्या गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकात दारफाळणीचं योम किपूर व्हायला सुरुवात झाली.

आता ज्या भागाबद्दल आपल्या घरांत फारसं बोलत नाहीत तो सांगते. आपले लोक १९४८ नंतर या देशात येऊ लागले, दिमोना, बेर-शेवा, अश्दोद, लोद, रामला इथे वसले. १९६२ साली मुख्य रब्बीनेटकडून लग्न लावणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न दुसऱ्या यहुदी समाजातल्या व्यक्तीशी लावायचं असेल तर तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका अशी, की हे लोक इतकी शतकं एकटे होते, मग घटस्फोटाचे आणि विधवेच्या लग्नाचे नियम त्यांना ठाऊक होते का, आणि त्यांचं रक्त शुद्ध राहिलं का. मोर्चे निघाले, १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये धरणं धरलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने क्नेसेतमध्ये जाहीर केलं, की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, आणि रब्बीनेटनेही त्या सूचना बदलल्या.

या वादाने आपल्या सणांच्या नावांचं काय केलं, ते मला आजीकडे पाहून समजलं. ज्या नावांनी कोकणात सण जिवंत ठेवले, तीच नावं इथे कागदपत्रं मागणाऱ्यासमोर लाजिरवाणी झाली. खिरीचा सण म्हटलं तर कारकून म्हणणार, हा कुठला यहुदी सण? होळीचा सण म्हटलं तर संपलंच. म्हणून माणसं चारचौघांत अस्सल हिब्रू नावं वापरायला शिकली, आणि मराठी नावं घरात ठेवून दिली. मग घरातही त्यांची गरज उरली नाही. आजी बाहेरच्या माणसाशी ‘योम किपूर’ म्हणायची, ते उगीच नाही.

आणि तरी, श्रोतेहो, योम किपूरच्या संध्याकाळी या देशाकडे पाहा. दुकानं बंद, बस बंद, विमानतळ बंद, टीव्ही नि रेडिओ मुके. आपला हा कार्यक्रमही त्या दिवशी कधी होत नाही. १९७३ साली ६ ऑक्टोबरला दुपारी भोंगे वाजले ते अशाच मुक्या देशात. लोक घरात, रेडिओ बंद, आणि मग तो अचानक बोलायला लागला. रस्त्यांवर गाड्या नसतात, म्हणून मुलं सायकली घेऊन थेट महामार्गावर जातात. माझी नातवंडंही जातात. धर्म पाळणारा नि न पाळणारा, सगळ्यांचीच दारं लागलेली असतात. कुलाबा जिल्ह्यातल्या शे-दीडशे गावांत काही घरं जे एकेकटी करत होती, ते इथे सगळा देश करतो. आणि त्या दिवसाला नेमकं बसेल असं नाव आपल्या मराठीत आधीपासून तयार होतं.

धाकटीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. ती नऊ वर्षांची आहे, सायकलमध्ये हवा भरून मागत होती. तिला म्हटलं, दारफाळणी म्हणजे आज. ती म्हणाली, ‘पण मी तर दार उघडून बाहेर चाललेय.’ म्हटलं जा, उद्या शिळा सण आहे, मावशीकडे जायचंय, तेव्हा चांगले कपडे घाल.

आता तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांना दोन प्रश्न विचारा. शिळ्या सणाला तुमच्या गावी काय शिजायचं? आणि खिरीच्या सणाची खीर तांदळाची की गव्हाची, गूळ घालून की साखर? माझ्या आजीची तांदळाची आणि गुळाची होती, वर वेलची, आणि नारळाचं पहिलं दाट दूध अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर फुटतं. उत्तरं कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा, आवाजात रेकॉर्ड करून पाठवलीत तर फारच चांगलं. गावाचं नाव न विसरता सांगा. सुकोतनंतरच्या कार्यक्रमात ती ऐकवू. अहारे हा-हागीम.

शाना तोवा, श्रोतेहो. नव्याच्या सणाच्या शुभेच्छा.